कच्चा लिंबू आणि टोपीतला हात

आपल्या पोरांच्या खेळांत एक अजब खेळाडू असतो. तो धावतो, लपतो, पकडला जातो, पण बाद धरला जात नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला कुठे 'कच्चा लिंबू' म्हणतात, कुठे 'दूधभात'. मोठ्यांच्या डावात घुसलेल्या धाकट्या भावंडासाठी केलेली ही सोय. दोन्ही बाजू तिला राजी असतात, कारण तिच्यामुळे कोणाचेच काही बिघडत नाही. पण नीट पाहिले तर त्या पोराला खेळात घेतलेले नसते, फक्त मैदानात उभे राहू दिलेले असते. हे त्याला एक दिवस कळते आणि मग ते हट्टाला पेटते, मला खरे खेळायला घ्या.

खरे खेळायला घ्यायचे आणि तरीही त्याच्या कच्चेपणाचा हिशेब धरायचा, हे जमते का? या प्रश्नावर जगात बहुधा सर्वांत जास्त कागद खर्ची घातला तो गोल्फ खेळणाऱ्यांनी. बडनेऱ्यात गोल्फचे मैदान नाही. आपल्यासाठी तो वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर कोपऱ्यात छापला जाणारा, श्रीमंतांचा खेळ. तरी त्यातली 'हँडिकॅप' नावाची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, आणि तिचा इतिहास तर आपल्याला वाटतो तेवढा परका मुळीच नाही.

आधी शब्द. हँडिकॅप म्हणजे 'हातात टोपी घेऊन भीक मागणारा', अशी व्युत्पत्ती अनेकदा सांगितली जाते. ती चूक आहे. मूळ इंग्रजी शब्दांचा अर्थ 'टोपीत हात' असा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये अदलाबदलीचा एक खेळ होता. एकाजवळ घड्याळ, दुसऱ्याजवळ चांगला झगा. वस्तूंची किंमत सारखी नाही. मग तिसरा माणूस पंच म्हणून बसायचा आणि सांगायचा, झगेवाल्याने वर इतके पैसे द्यावेत म्हणजे सौदा बरोबरीचा. तिघेही टोपीत थोडी रक्कम टाकत. मग दोघे टोपीत हात घालून एकदमच बाहेर काढत. मुठीत नाणे असेल तर सौदा कबूल, मूठ रिकामी असेल तर नाकबूल. दोघांचे उत्तर एकच आले, मग ते होकार असो की नकार, तर टोपीतली रक्कम पंचाची. त्यामुळे पंचाचा फायदा कोणा एकाला झुकते माप देण्यात नव्हता. दोघांना सारखाच पटेल असा आकडा काढण्यात त्याचा फायदा होता. सॅम्युअल पेप्सच्या प्रसिद्ध रोजनिशीत १६६० सालच्या सप्टेंबरात या खेळाचा उल्लेख येतो. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना झाकलेल्या हातांचा हा व्यवहार फार अनोळखी वाटणार नाही.

तिथून शब्द गेला घोड्यांच्या शर्यतीत. १७९१ साली अ‍ॅस्कॉटला झालेली ओटलंड्स शर्यत ही सुरुवातीच्या मोठ्या हँडिकॅप शर्यतींपैकी एक. तिथे पंच ठरवायचा की कोणत्या घोड्याने पाठीवर किती वजन घेऊन धावायचे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आजही हँडिकॅप शर्यती होतात, त्या याच तत्त्वावर. आता गंमत पाहा, जास्त ओझे कोणावर? सर्वांत ताकदवान घोड्यावर. म्हणजे हँडिकॅप हे मुळात बलवानाच्या पाठीवरचे वजन होते. पुढे बोलीत अर्थ उलटा झाला, शब्द दुबळ्याला चिकटला आणि विसाव्या शतकात अपंगत्वासाठी वापरला जाऊ लागला. ओझे कोणाचे आणि नाव कोणाला!

पण या कल्पनेचा उगम इंग्लंडच्या दारूगुत्त्यात शोधायचे कारण नाही. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या दरबारी शतरंजचे मोठे उस्ताद होते. त्यांतला अल-अदली हा बुद्धिबळावर ग्रंथ लिहिणारा अगदी सुरुवातीचा माणूस. त्या काळच्या अरबी परंपरेत खेळाडूंचे पाच वर्ग केलेले आढळतात. सर्वांत वरचा वर्ग 'आलियात', म्हणजे उंचावरचे. त्यात एका वेळी मोजून दोन-तीन माणसे. खालच्या वर्गातल्या माणसाशी खेळताना वरच्याने आपले मोहरे कमी करून बसायचे, फरक वाढेल तसा मोठा मोहरा. आपल्याकडे 'वजीर उतरवून खेळतो, ये' असे आव्हान द्यायची पद्धत अजून आहे, ती याच घराण्यातली. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या उस्तादाच्या नावातच 'अदल' आहे. अदल म्हणजे न्याय. 'मसावात' म्हणजे समानता, सगळ्यांना सारखे. अदल म्हणजे ज्याचे त्याला. दोन शब्द वेगळे ठेवण्याची गरज भाषेला का पडली, हे हँडिकॅपच्या तक्त्यावरून मुलांना चटकन समजावता येते.

गोल्फकडे येऊ. १६८७ साली एडिंबरात थॉमस किनकेड नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रोजनिशी लिहीत होता. गोल्फची त्याला भारी आवड. त्याने एक प्रश्न मांडून ठेवला आहे. दोन खेळाडू असमान असतील तर पैजेची रक्कम कमी-जास्त करावी, की पैज सारखी ठेवून खेळात सूट द्यावी?  पुढची दोनशे वर्षे ही सूट तोंडी ठरायची. मैदानात उतरण्यापूर्वी घासाघीस व्हायची. तुला इतके फटके देतो, नाही रे, आणखी दोन दे.

ही घासाघीस मोडून आकडेशास्त्र आणण्यात बायका पुढे होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही. १८९३ साली ब्रिटनमध्ये लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली. तिच्या चिटणीस इसेट पिअर्सन यांनी वेगवेगळ्या क्लबांतल्या स्त्रियांना एकाच मापाने मोजणारी पद्धत नेटाने रुजवली. पुरुषांचे क्लब तोवर आपापल्या गावच्या मापात समाधानी होते. अमेरिकेच्या संघटनेने देशभरासाठी पद्धत आणली ती १९११ साली. आणि जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून 'वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम' सुरू झाली ती थेट २०२० साली.

तिचे गणित असे. गोल्फमध्ये अठरा होल असतात आणि कमी फटक्यांत जो संपवेल तो पुढे. खेळाडूच्या शेवटच्या वीस खेळ्या घ्यायच्या, मैदानाच्या अवघडपणानुसार त्या दुरुस्त करायच्या आणि त्यांतल्या सर्वोत्तम आठांची सरासरी काढायची. हा त्याचा निर्देशांक. तो जास्तीत जास्त ५४ पर्यंत जाऊ शकतो. हा आकडा माणूस रोज कसा खेळतो हे सांगत नाही, चांगल्या दिवशी तो काय करू शकतो हे सांगतो. वीसपैकी बारा वाईट दिवस माफ! शिक्षक म्हणून मला हे फार आवडते. आपण मात्र सहामाहीच्या तापातला पेपरही मुलाच्या नावावर कायमचा लिहितो.

अवघडपणाची दुरुस्तीही नुसती अंदाजाने होत नाही. अमेरिकी नौदलातला डीन नथ नावाचा अधिकारी या गणितामागे लागला आणि १९८० च्या दशकात 'स्लोप' हे माप रूढ झाले. स्लोप म्हणजे जमिनीचा उतार नव्हे. एखादे मैदान उस्तादापेक्षा नवशिक्याला किती जास्त छळते, त्याचा हा आकडा. सर्वसाधारण मैदान ११३. निर्देशांक २० असलेला माणूस १३० स्लोपच्या मैदानावर गेला, की २० गुणिले १३० भागिले ११३, म्हणजे साधारण २३ फटक्यांची सूट घेऊन उतरतो. कठीण परिस्थिती सगळ्यांना सारखीच कठीण नसते, कच्च्याला ती दुपटीने लागते, ही गोष्ट इथे भागाकारात बसवलेली आहे.

इथवर हिशेब एकट्याचा झाला. खरी कसोटी पुढे आहे. चार माणसे मिळून संघ झाला, तर संघाचा कच्चेपणा किती? साधी बेरीज करावी असे वाटते. पोलोत तसेच होते. पोलो म्हणजे आपला जुना चौगान, ज्याच्या मैदानावर १२१० साली लाहोरला कुतुबुद्दीन ऐबक घोड्यावरून पडून मेला. आजच्या पोलोत प्रत्येक खेळाडूला उणे २ ते १० पर्यंत आकडा असतो, चौघांची बेरीज म्हणजे संघाचा आकडा, आणि दोन संघांच्या फरकावरून दुबळ्या संघाच्या खाती सुरुवातीलाच गोल जमा होतात. क्रिकेटने तर याहून सोपा मार्ग काढला होता, माणसेच वाढवायची. १ जानेवारी १८६२ ला मेलबर्नला इंग्लंडचे अकरा खेळाडू उतरले ते व्हिक्टोरियाच्या अठरा जणांविरुद्ध. पंधरा वर्षांनी, मार्च १८७७ मध्ये, त्याच गावात अकरा विरुद्ध अकरा सामना झाला आणि ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली. तोच पहिला कसोटी सामना.

गोल्फमध्ये बेरीज चालत नाही. का, ते चार खेळाडू घेऊन पाहू. त्यांचे हँडिकॅप ८, १४, २० आणि २२.

पहिला प्रकार 'फोरसम'. जोडीदार दोन, चेंडू एक, फटके आळीपाळीने. समजा ८ आणि २० एका बाजूला, १४ आणि २२ दुसऱ्या बाजूला. बेरीज २८ आणि ३६, फरक ८. पण सूट मिळते ४ फटक्यांची, म्हणजे निम्मी. कारण उघड आहे, प्रत्येकाने अर्धेच फटके मारले. हे चार फटके मनाला येईल तिथे वापरता येत नाहीत. प्रत्येक मैदानाच्या कार्डावर होलना १ ते १८ असा क्रम दिलेला असतो, त्यातल्या पहिल्या चार क्रमांकांच्या होलवरच ते मिळतात.

दुसरा प्रकार 'फोरबॉल', आणि सगळी मेख इथे आहे. यात चौघेही आपापला चेंडू खेळतात. प्रत्येक होलला जोडीतल्या ज्याचा आकडा चांगला तो जोडीचा धरायचा, दुसऱ्याचा सोडून द्यायचा. आता वर्गातली दोन मुले डोळ्यांपुढे आणा. एक दर चाचणीत साठ गुण मिळवते. दुसरे कधी नव्वद, कधी तीस. सरासरी दोघांची साठ. पण नियम जर असा असेल की जोडीतला चांगला पेपरच मोजायचा, तर दुसरे पोर सोन्याचे! त्याचे नव्वद मोजले जातील, तीस जोडीदार झाकून घेईल. वरच्या हँडिकॅपचे खेळाडू असेच लहरी असतात. एका होलवर आठ फटके, पुढच्यावर उस्तादासारखे चार. त्यांना पूर्ण सूट दिली तर ती जोडी लुटून नेईल. म्हणून समोरासमोरच्या फोरबॉल सामन्यात प्रत्येकाला हँडिकॅपच्या ९० टक्केच मिळतात. आपले चौघे ७, १३, १८ आणि २० होतात. मग सर्वांत कमी असलेल्या ७ वाल्याला शून्य धरायचे आणि बाकीच्यांतून सात-सात वजा करायचे. उरले ६, ११ आणि १३. समोरासमोरचा सामना नसून मोठ्या स्पर्धेतले एकूण फटके मोजायचे असतील तर ८५ टक्के.

चौघांचा एक संघ असेल आणि दर होलला चौघांतला एकच सर्वोत्तम आकडा धरायचा असेल, तर सूट आणखी कमी, ७५ टक्के. दोन आकडे धरायचे तर ८५. तीन किंवा चारही धरायचे तर पूर्ण १००. हा तक्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. झाकून घ्यायला जागा जितकी कमी, तितकी सूट जास्त. जिथे प्रत्येकाचा आकडा उघड मोजला जाणार, तिथे दुबळ्याला पूर्ण माप द्यावे लागते.

तिसरा प्रकार 'स्क्रँबल', धर्मादाय स्पर्धांत आणि कंपन्यांच्या सहलींत आवडता. चौघेही फटका मारतात, सर्वांत चांगला पडलेला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका चौघांनी तिथूनच मारायचा. इथे प्रत्येक फटक्याला चार संधी, म्हणून सूट फारच आटते. सर्वांत कमी हँडिकॅपचे २५ टक्के, मग २०, मग १५ आणि शेवटच्याचे १०. आपल्या चौघांचे २ अधिक २.८ अधिक ३ अधिक २.२, बरोबर १०. नवशिक्याचा वाटा सर्वांत कमी टक्क्यांनी धरला आहे, कारण त्याचे चुकलेले फटके संघाला भोगावे लागतच नाहीत. पण तो शून्य धरलेला नाही, हेही पाहा. दहा टक्के का होईना, तो हिशेबात आहे. कच्चा लिंबू नाही.

आणखी एक माणूस इथे सांगितला पाहिजे, डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड. एका होलवर डाव बिघडला की लोक वैतागून उरलेला खेळ सोडून देतात, हे पाहून त्याने गुणांची पद्धत काढली आणि १९३२ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात ती रीतसर वापरली गेली. सूट वजा करून ठरल्या फटक्यांत होल पूर्ण केला तर २ गुण, एक फटका जास्त लागला तर १, त्याहून कितीही जास्त लागले तरी ०. म्हणजे एका होलवर माणूस बुडाला तरी त्या होलपुरताच बुडतो. जोडीच्या आणि संघाच्या अनेक स्पर्धा आज याच गुणांवर होतात, कारण एकाच्या एका वाईट होलने चौघांची सकाळ नासत नाही.

अर्थात जिथे सूट तिथे लबाडी. मुद्दाम वाईट खेळून आपला आकडा फुगवायचा आणि बक्षिसाच्या दिवशी अस्सल खेळ बाहेर काढायचा, अशा माणसाला गोल्फवाले 'सँडबॅगर' म्हणतात. संघाच्या प्रकारांत त्याचे फार फावते, कारण सगळी टोळीच त्याला झाकते. टक्केवारी आखडती ठेवण्यामागे त्याचीही भीती आहे. पण एखादा लबाड निघाला म्हणून हिशेबच बंद करा, असे गोल्फवाले म्हणाले नाहीत. आपल्याकडे सवलतींवर चर्चा सुरू झाली की पहिले वाक्य नेमके तेच येते.

मला या तक्त्यांत रस वाटायला एक जवळचे कारण आहे. उर्दू माध्यमाची मुले मराठी वक्तृत्वाला किंवा वादविवादाच्या संघात उतरतात तेव्हा त्यांच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात. एक तर काहीच न धरता सरळ मोजणे, 'ळ' नीट उच्चारला नाही की गुण गेला. नाही तर, 'उर्दूची असून किती छान बोलली', अशी टाळी. ती टाळी दिलदार असते, मी नाकारत नाही. पण ती कच्च्या लिंबाची टाळी आहे. घरात दखनी नाही तर वऱ्हाडी वळणाची उर्दू, शाळेत किताबी उर्दू, आणि व्यासपीठावर प्रमाण मराठी, असा तीन मैदानांचा फेरा करून आलेल्या मुलीचा स्लोप कोणी काढत नाही. गटप्रकल्पाचेही तेच. चार मुलांचा एक तक्ता, चौघांना सारखे गुण. कोणी किती फटके मारले, कोण कोणाला झाकत होते, हे विचारायची सोय आपल्या गुणपत्रकात नाही.

गोल्फचा हिशेब इतका बारीक असला तरी त्याला एक कुंपण होते. आकडा मिळायचा क्लबातून. ब्रिटनबाहेरचा पहिला गोल्फ क्लब १८२९ साली कलकत्त्यात निघाला, मुंबईचा १८४२ साली. तिथे कच्च्या गोऱ्या साहेबाला सूट होती, पण हिंदी माणसाला फाटकच नव्हते. मुंबईत हिंदी आणि युरोपीय दोघांनाही सदस्य करून घेणारा विलिंग्डन क्लब निघायला पहिले महायुद्ध उजाडावे लागले, आणि तोही बड्या हिंदी लोकांसाठीच. बाकी आपली माणसे मैदानावर होतीच, साहेबाची पिशवी खांद्यावर घेऊन. त्यांना कॅडी म्हणतात. गोल्फच्या नियमात खेळताना सल्ला कोणाचा घ्यायचा यावर बंधन आहे. फक्त आपल्या जोडीदाराचा, आणि आपल्या किंवा त्याच्या कॅडीचा. म्हणजे फोरसमच्या आळीपाळीत, फोरबॉलच्या ९० टक्क्यांत, जो माणूस गवताचा कल आणि वाऱ्याची दिशा ओळखून सांगतो की काठी बदला साहेब, तो नियमाने संघात आहे. तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नाही. त्याचे कसब साहेबाच्या आकड्यात जमा होते.

त्या रकान्याबाहेरून कधी कधी माणूस थेट वर येतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढलेला. १९९३ ला त्याने ती पुन्हा जिंकली. व्यावसायिकांच्या स्पर्धेत हँडिकॅप नसतो. तिथे त्याने कोणाकडून एक फटकाही मागितला नव्हता.

त्याच्या आधीचा एक आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा सेवसंकर सेवगोलम. भारतीय वंशाचा, घरची गरिबी, लहानपणापासून कॅडी. काठी धरण्याची त्याची पद्धत पुस्तकाच्या उलटी, डावा हात खाली आणि उजवा वर. १९५९ साली त्याने युरोपात डच ओपन जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. मायदेशात मात्र वर्णभेदाचा कायदा. १९६३ साली डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपनमध्ये त्याला खेळू दिले आणि गोऱ्या खेळाडूंना मागे टाकून तो जिंकला. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस सुरू होता. गोरे खेळाडू क्लबहाउसच्या छपराखाली बसले होते. त्या इमारतीत त्याला प्रवेश नसल्यामुळे करंडक त्याच्या हाती बाहेर, पावसात देण्यात आला. दोन वर्षांनी तीच स्पर्धा त्याने पुन्हा जिंकली, या वेळी हरणाऱ्यांत खुद्द गॅरी प्लेअर होता. त्यानंतर सरकारने त्याला अशा स्पर्धांतून खेळायलाच बंदी केली.